हुग्गी आणि पाच गिनी

घरात हुग्गी शिजायला लागली की मला एक इंग्रज आठवतो. आमच्या सोलापुरात हुग्गी म्हणजे ओलवून कांडलेला खपली गहू, मऊ शिजवून गुळात घोटलेला, वर तुपाची धार. थॉमस हार्डीच्या 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' या कादंबरीत (१८८६) जत्रेतली एक बाई जवळपास हीच विकत असते: गहू, दूध, मनुका. फक्त कुणी खूण केली की ती गुपचूप त्यात रम ओतते. २१ वर्षांचा मायकेल हेंचर्ड तीच वाट्यांवर वाट्या रिचवतो आणि त्याच तंबूत बायको-लेकीला एका खलाशाला ५ गिनींना विकून टाकतो.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये शपथ: २१ वर्षं दारूला शिवणार नाही. आजवर जगलो तेवढी वर्षं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी गहिवरलो होतो. आता त्यातला अडत्या दिसतो. विकली बायको, सोडली दारू! पुढे तो धान्याचा बडा व्यापारी आणि गावचा मेयर होतो, आणि कितीतरी वर्षांनी बायको परत आली की चिठ्ठीसोबत ५ पौंड ५ शिलिंग धाडतो. म्हणजे बरोबर ५ गिनी. माल परत, खातं बंद. शपथेची मुदत संपली की पेला ओठांना.

मी हसू नये खरं तर. सातवीत होतो. गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर, धाकटीचा हात सोडून मी 'मौत का कुआँ'च्या फळ्यांच्या जिन्यावरून वर पळालो. खाली उतरतो तर भोंग्यावर पुकारा चाललेला: निळा फ्रॉक, नाव सांगते, पत्ता सांगत नाही. त्या रात्री सिद्धरामेश्वरासमोर कान धरले, की पुन्हा मौत का कुआँ बघणार नाही. आजतागायत बघितलेला नाही. त्या मोटारसायकलवाल्याचं बिचाऱ्याचं काय चुकलं होतं, देव जाणे. धाकटीला 'चुकलं माझं' म्हणायचं तेवढं राहिलं.

हार्डीकडे नियती फार, असं म्हणतात. असेलही. पण हेंचर्डला ती गाठते ती त्याच हुग्गीवालीच्या रूपात. म्हातारी झालेली, कोर्टात आरोपी म्हणून उभी, आणि न्यायासनावर हा. ती सगळं भडाभडा बोलून टाकते. कारकून तिला गप्प करतो, थापा म्हणतो. हेंचर्डने नुसतं गप्प बसायचं होतं. तो म्हणतो, "नाही. खरं आहे." अख्ख्या पुस्तकात मी त्या माणसापुढे वाकतो तो इथे. शपथेपाशी नाही.

परवा धाकटी माहेरी आली होती. हुग्गीची वाटी पुढे सरकवून मी कसाबसा विषय काढला. गड्डा, भोंगा, निळा फ्रॉक. ती खात राहिली.

"तिकीट तू एकच काढलं होतंस," ती म्हणाली. "तूप वाढ की."