मुंबईचे किल्ले बघायचे तर आधी पंचांग उघडा

पुण्या-कोल्हापूरकडचे पाहुणे मुंबई बघायला आले की गेटवे, सिद्धिविनायक, चौपाटी आणि जमलं तर राणीची बाग असा बेत ठरतो. किल्ल्यांचं नाव निघालं की उत्तर येतं, 'किल्ले तर आमच्याकडेच आहेत की.' बरोबर आहे. राजगड-पन्हाळ्याच्या मापाने बघितलं तर शिवडी किंवा शीवचा किल्ला अर्ध्या तासात संपतो. पण हे किल्ले डोंगर राखायला बांधलेच नव्हते, ते पाणी राखायला बांधले. समोरची खाडी कशी आहे आणि पलीकडच्या काठावर कोण होतं, एवढं डोक्यात ठेवून उभं राहिलात तर पडक्या बुरुजालाही अर्थ येतो. म्हणून ते भरती-ओहोटी बघूनच बघावेत.

भरतीची वेळ काढायला कोकणात जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. पंधरवड्यातली तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि ओहोटी दोन्हींच्या मधोमध. मुंबईत अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. नेमकी वेळ मोबाइलवर मिळतेच, पण कुठल्या आठवड्यात जायचं हे कॅलेंडरवरच्या तिथीवरून घरबसल्या ठरतं.

शिवडीला जायचं तर षष्ठी ते अष्टमी गाठा. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत इथल्या चिखलात चरतात. पूर्ण ओहोटीला गेलात तर ते फार लांब, नुसती गुलाबी रेघ दिसते. पूर्ण भरतीला चिखलच बुडतो. पाणी चढत असताना मात्र थवे किनाऱ्याकडे सरकतात, म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी पोहोचायचं. षष्ठी ते अष्टमीला भरती साडेचार ते सहाच्या दरम्यान येते, म्हणजे दुपारी अडीच ते चारला तिथे. किनारा पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे ऊन पाठीमागून पडतं आणि फोटो चांगले येतात. सकाळी तोच सूर्य डोळ्यांवर येतो. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी उधाणासारखं अंगावर येत नाही, त्यामुळे चिखल जास्त वेळ उघडा राहतो. अटल सेतू झाल्यापासून किनाऱ्यावरच्या वाटा बदलल्या आहेत, तिथल्या माणसांना विचारून पुढे जा. थवे इथे नसले तर ठाणे खाडीच्या अभयारण्यात असू शकतात. तिथे ऐरोलीहून बोटी सुटतात, त्यांच्या वेळाही भरतीवरच ठरतात.

पक्ष्यांच्या आधी तासभर किल्ल्याला द्या. हार्बरच्या शिवडी स्टेशनवरून पूर्वेला चालत जाता येतं, रस्त्यावर ट्रकांची वर्दळ फार. इंग्रजांनी 1680 मध्ये बांधलेला हा किल्ला. आत शिरताना दरवाजाकडे नीट बघा. बाहेरचा दरवाजा ओलांडला की आतला समोर येत नाही, काटकोनात वळावं लागतं. धावत आलेल्या शत्रूला तिथे थांबून वळावंच लागेल, आणि वळताना तो वरच्यांच्या माऱ्यात सापडेल, असा तो बेत. इतकं करूनही 1689 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने शिवडी घेतलीच. आत पंचकोनी खोली आणि कमानदार छताचा लांब बोळ आहे. तटावर गेलात की खाली चिखलाचं मैदान आणि पलीकडे खाडी. सिद्दीची माणसं कुठून आली असतील ते इथे आपोआप कळतं.

शीवचा किल्ला त्याच दिवशी सकाळी उरकता येतो. स्टेशनवरून दहा मिनिटं, नेहरू उद्यानातून वर पायऱ्या. 1669 ते 1677 या काळात गव्हर्नर जेरार्ड ऑंजिअरच्या कारकिर्दीत तो बांधला, कारण इंग्रजांची हद्द इथे संपायची आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू व्हायची. धारावीतला काळा किल्ला याच रांगेतला. तो घरांच्या गर्दीत मिठी नदीजवळ आहे, दार नाही, बाहेरूनच बघायचा. भिंतीवरच्या इंग्रजी शिळेवर गव्हर्नर हॉर्नचं नाव आणि 1737 साल आहे. त्याच वर्षी मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली होती. शिळा वाचताना हे आठवलं की तो बुरुज कुणाच्या धास्तीने उभा राहिला याचा अंदाज येतो.

एक सूचना: रविवारी हार्बरवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो. शनिवारी वेळापत्रक बघा, नाहीतर शिवडीला पोहोचेपर्यंत पाणी चढून गेलेलं असेल.

पश्चिम किनाऱ्याची गोष्ट गोड्या पाण्याची आहे. वांद्र्याचा किल्ला पोर्तुगीजांनी 1640 मध्ये बांधला, कारण तिथल्या झऱ्यावर जहाजं पाणी भरायला येत. दरवाजावर पोर्तुगीज लेख अजून आहे. इथून माहीमच्या उपसागरापलीकडे वरळीचा किल्ला दिसतो, तो इंग्रजांचा. दोघे समोरासमोर, मध्ये आता सी लिंक. भरतीच्या वेळी किंवा पावसाळ्यात खालच्या खडकांवर उतरू नका. शेवाळावर पाय सरकतो आणि लाट मागून येते. माणसं बुडालेली आहेत तिथे.

बाणगंगा मात्र सगळ्यात आधी, सकाळी आठच्या आत गाठा. वाळकेश्वरच्या गल्लीतून पायऱ्या उतरलं की चारही बाजूंनी दगडी पायऱ्यांचा तलाव. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही झऱ्याचं पाणी गोडं. शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूंनी तो 1127 मध्ये बांधला, आणि पोर्तुगीज काळात पडलेलं देऊळ रामा कामतींनी 1715 मध्ये पुन्हा उभं केलं. अमावास्येला आणि पितृपक्षात लोक श्राद्धविधी करत असतात, त्यांच्या तोंडावर कॅमेरा धरू नका.

डोंगर आणि देऊळ एकाच जागी हवं असेल तर अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल. सुमारे 61 मीटर उंचीचा उभा काळा खडक, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थंड होताना तो उभ्या खांबांत तडकला. त्या फटी पायथ्यापासूनच दिसतात, वर जायच्या आधी तिथे थांबा. माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे, खडकातल्या पायऱ्यांनी जायचं.

कान्हेरीला सोमवार सोडून अख्खी सकाळ ठेवा. बोरिवलीच्या गेटवर उद्यानाचं तिकीट, लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचं वेगळं. मधलं अंतर सहा-सात किलोमीटर. शंभराहून जास्त लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह सगळे बघतात, पण तुम्ही जमिनीकडेही बघा. खडकात बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरल्या आहेत, पावसाचं पाणी त्यांतून लेण्याशेजारच्या टाक्यात उतरतं. जवळजवळ प्रत्येक लेण्याला आपलं टाकं. हातात प्लास्टिकची पिशवी नको, माकडं ओढतात.

वसईला स्वतंत्र दिवसच हवा. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेकडून बस किंवा रिक्षा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये जिंकलेला हा किल्ला शिवडीच्या कितीतरी पट मोठा आहे, घाईत फक्त चर्चच्या भिंती बघून होतात. भुईदरवाजाने आत जा आणि चालत बंदरदरवाजापर्यंत पोहोचा, म्हणजे जमिनीकडची आणि पाण्याकडची तटबंदी किती वेगळी आहे ते लक्षात येतं. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढतं आणि त्यात जुन्या विहिरी झाकल्या जातात, तेव्हा मळलेली वाट सोडू नका. पाणी बरोबर न्या.