प्राग आमच्या हैदराबादएवढं लांब

आम्ही सोलापूरचे, आणि घरात युरोपच्या सहलीचा बेत चाललाय. व्हिएन्नाहून ब्रातिस्लावा रस्त्यानं साधारण ८० किलोमीटर. म्हणजे सोलापूर-पंढरपूर. पंढरपूरला गेलं तरी आपण जिल्ह्यातच असतो, तिकडं तेवढ्याच वाटेत ऑस्ट्रियाची राजधानी मागं पडून स्लोव्हाकियाची राजधानी येते. व्हिएन्ना-बुडापेस्ट अडीचशेच्या आसपास, म्हणजे आपलं पुणं. प्राग सव्वातीनशेच्या घरात, हैदराबादपेक्षा जरासं पुढं. हा हिशेब जमला आणि मी लेकीच्या भूगोलाच्या नकाशावर व्हिएन्नाच्या जागी पेन्सिलीनं 'सोलापूर' लिहून टाकलं.

तोवर घरात नुसता गोंधळ होता. लेकीला आयफेल टॉवर, बायकोला स्वित्झर्लंडचा बर्फ, माझ्या मनात रोम. आईचं मागणं एकच, "मला फार चालायला लावू नका." चौघांच्या इच्छा जोडून जी रेघ निघाली तिच्यावर नुसत्या प्रवासाचाच खर्च एवढा झाला असता की पोहोचल्यावर बघायला पैसे उरले नसते. दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलींची पत्रकं घरात येऊन पडली होतीच. बसमध्ये डुलकी काढायची, उतरून फोटो काढायचा, परत बसमध्ये चढायचं, हे मला कधी पटलेलं नाही. त्यापेक्षा तुळजापूरला जाऊन यावं.

स्वस्तात फिरायचं म्हटलं की लोक आधी स्वस्त हॉटेल शोधतात. माझं मत विचाराल तर खिसा रिकामा होतो तो गाव बदलताना. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, पुढच्या गावातली खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. मधल्या वेळात बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये, त्याचे पैसे. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला नाणं. पोरगी भुकेली, मग समोर दिसेल ते सँडविच, दिसेल त्या भावानं. अर्धा दिवस गेला आणि बघून काय झालं, तर स्टेशन. म्हणून ठरवलं, मुक्काम व्हिएन्नात ठोकायचा, ब्रातिस्लावाला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं आणि प्राग, बुडापेस्टला दोन-दोन रात्री.

याचा फायदा व्हिसाच्या कामातही होतो. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपातल्या देशांचा गट. त्याचा नियम असा की ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडं अर्ज. आमच्या जास्त रात्री ऑस्ट्रियात, त्यामुळं वाद मिटला. मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना अर्धी. आमच्या लेकीनं नेमकं बारावं ओलांडलंय. शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर तीस लाख झाले. बायको म्हणाली, "आपल्या घराचासुद्धा एवढा विमा नाही." बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जावं लागणार, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं. बाकी कागदपत्रांबद्दल लिहीत नाही, वाचणाऱ्याला झोप येईल.

मित्राला बेत सांगितला तर म्हणाला, "काय बे, लग्नाला यायला सुट्टी मिळत नाही, युरोपला बरी मिळती!" मग हळूच विचारलं, "तिथं भाषेचं कसं रे?" दर तीन-चार तासांनी भाषा बदलते, मान्य. जर्मन, चेक, स्लोव्हाक, हंगेरियन. पण ज्या गावात भाजी घेताना मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू चारी कानावर पडतात, त्या गावच्या माणसाला याची कसली धास्ती? आम्ही खुणेनं भाव करत मोठे झालोय. धास्ती असलीच तर नोटांची. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियात युरो चालतो, चेकियात म्हणजे प्रागला कोरुना, हंगेरीत फोरिंट. फोरिंट तर रुपयाला तीन-चार मिळतात, त्यामुळं बुडापेस्टमध्ये कॉफीचं बिल हजाराच्या पुढं आलं तरी छाती धडधडायला नको. कार्डाच्या मशीननं "रुपयात पैसे घेऊ का?" असं विचारलं तर नाही म्हणायचं आणि तिथल्याच चलनात द्यायचे. रुपयाचा दर मशीनवाला आपल्या सोयीनं लावतो.

आईच्या चालण्याचा प्रश्न ट्रामनं सुटला. बुडापेस्टला दोन नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाकाठानं संसदेजवळून जाते. साध्या तिकिटात नदी, पूल आणि पलीकडची टेकडी बसल्या जागी दिसते. व्हिएन्नातही जुन्या शहराभोवतीच्या रिंग रस्त्यावरून ट्राम धावतात. तिथल्या भुयारी रेल्वेला अडवणारी फाटकं नाहीत, म्हणून कुणी विनातिकीट बसायचा मोह धरू नये. तपासनीस साध्या कपड्यांत येतो आणि दंड शंभर युरोंच्या वर आहे. प्राग, बुडापेस्टला कागदी तिकीट नुसतं खिशात असून भागत नाही, प्रवास सुरू करताना मशीनवर त्याला शिक्का मारून घ्यावा लागतो.

फुकट बघण्यासारखंही भरपूर आहे. प्रागचा चार्ल्स पूल १३५७ साली बांधायला घेतलेला, चालायला पैसे नाहीत. तिथलं खगोलीय घड्याळ १४१० चं, तासाला वरच्या खिडक्यांतून येशूच्या शिष्यांच्या मूर्ती फिरून जातात. व्हिएन्नातल्या शोनब्रुनच्या राजवाड्याला तिकीट आहे, पण मागच्या मुख्य बागेत हवं तेवढं फिरा. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं मिळतात. रांग लावायची सवय आपल्याला आहेच.

पण आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती पाण्याची. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. त्या दिवशी घरातली भांडी, बादल्या, कळश्या सगळं भरून ठेवायचं आणि कुणीतरी घरी थांबायचं. मी वाचून दाखवत होतो की व्हिएन्नाच्या नळाला थेट आल्प्स डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली जलवाहिनी १८७३ साली सुरू झाली, दुसरी १९१० साली, आणि पाणी उतारानंच शहरापर्यंत पोहोचतं. आईनं चष्मा काढला. "म्हणजे मोटर लावावी लागत नाही?" नाही. "रोज येतं?" दिवसरात्र. "आणि रस्त्यावर?" रस्त्यावरही पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली भरून घ्यायची. त्यानंतर आईचं मत कायमचं व्हिएन्नाच्या बाजूनं झालं. बाटल्या विकत घ्यायचा खर्च वाचला तो वेगळाच.

जेवणाचं म्हणाल तर खोलीला स्वयंपाकघर हवं, ही अट बायकोची. सामान इथूनही जाणार, पण युरोपीय संघाबाहेरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा बाद. शेंगाचटणीला मात्र अडचण नाही. कडक भाकरीही जाणार, स्टीलच्या डब्यात फडक्यात गुंडाळून. बॅगेत मोडली तरी बिघडत नाही, आमटीत चुरूनच तर खायची. ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद असतात, तेव्हा भाजी, दूध, तांदूळ शनिवारी संध्याकाळपर्यंत आणून ठेवायचं. मामी तर म्हणाली, घरमालकिणीला एक सोलापुरी चादर नेऊन दे. चादरीचं वजन आणि विमानाचं किलोवारी दरपत्रक शेजारी ठेवल्यावर चादरीचे दोन टॉवेल झाले.

रेल्वेची तिकिटं मात्र आत्ताच काढायची आहेत. लवकर काढली तर भाव निम्म्यावर येतो, आदल्या दिवशी काढायला गेलं तर डोळे पांढरे होतात. प्राग-व्हिएन्ना चारेक तास, व्हिएन्ना-बुडापेस्ट त्याहून कमी. अडलंय ते ब्रातिस्लावापाशी. रेल्वेनं तासाभरात पोहोचता येतं आणि तिकीट परवडतं. डॅन्यूबमधून बोटही जाते, पण भाडं रेल्वेच्या दुपटीहून जास्त. पॅरिस सोडलं, बर्फ सोडला, आता निदान बोट तरी, असं मायलेकींचं म्हणणं. रेल्वेनं जायचं आणि बोटीनं परत, इथवर तडजोड झालीय. बोटीचे पैसे बायको तिच्या भिशीतून देणार आहे, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली, आणि मी ते वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय.