विरळणीचे दहा दिवस

आमची द्राक्षबाग नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात आहे. चार एकर, सगळी थॉमसन जातीची. फवारण्या आणि खते घरातले पुरुष पाहतात, मजूर आणि हिशेब माझ्याकडे आहेत. बागाईतदारांच्या कोणत्याही बैठकीत ‘मजूर मिळत नाहीत’ हे वाक्य चहाच्या आधीच येते, पण इतकी वर्षे वही लिहिल्यानंतर मला ते अर्धेच खरे वाटते. मजूर मिळतात, ते मिळत नाहीत नेमके विरळणीच्या आठ-दहा दिवसांत, कारण एकाच आठवड्यात छाटलेल्या साऱ्या शिवाराला त्याच दिवसांत तेच हात हवे असतात.

विरळणी म्हणजे काय, हे बागेबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने मणी ज्वारीएवढे होतात, तेव्हा लहान कात्री घेऊन घडातल्या जादा पाकळ्या, म्हणजे घडाच्या बाजूच्या लहान फांद्या, आणि मधले मणी काढायचे असतात, म्हणजे उरलेल्या मण्यांना फुगायला जागा मिळते. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर लागवड आहे, म्हणजे एकरी ९६८ वेली; वेलीला पस्तीस घड धरले तर एकरात ३३,८८० घड होतात. मान वर करून, मंडपाखाली उभ्याने, दुखऱ्या खांद्यांनी हे काम बहुतेक बायाच करतात. कात्रीचे टोक चुकून शेजारच्या मण्याला लागले तर त्याच्यावर डाग राहतो आणि तो डाग तोडणीपर्यंत जात नाही. याच घडांना संजीवकात, म्हणजे वाढीच्या औषधात, बुडवण्यासाठी पुन्हा हात लागतो आणि थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून कागद लावताना आणखी एकदा. फवारणीला ट्रॅक्टर आला, पण विरळणीला अजून कात्रीच आहे.

आमच्याकडे पेठ आणि सुरगाण्याकडच्या डोंगराळ भागातल्या मजुरांच्या टोळ्या येतात. तिकडची भातकापणी आणि नागली आटोपली की त्या खाली उतरतात आणि शिमग्याला परत जातात. मुकादम गणपतीच्या सुमारास उचल नेतो आणि काम उक्ते, एकराच्या दराने ठरते. ही व्यवस्था भाताच्या आणि द्राक्षाच्या वेळापत्रकांचा मेळ बसतो तोवर चालते. २०१९ साली तो मेळ तुटला.

त्या वर्षी परतीचा पाऊस नोव्हेंबर उजाडला तरी थांबेना. आधी छाटलेल्या बागा डावणी या बुरशीच्या रोगाने गेल्या, आणि डोंगराकडे कापलेले भात शेतातच भिजत पडले. ज्यांच्या छाटण्या राहिल्या होत्या त्या सगळ्यांनी उघडीप मिळताच एकदम कात्री चालवली, आणि त्यांत मीही होते. चार एकर सहा दिवसांत छाटून झाले याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला. सगळ्या बागेची विरळणी त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस एकाच वेळी येणार, हे साधे गणित मी मांडलेच नाही. सोळा जणांची टोळी उशिरा आली, वरचे दोन एकर करून झाले, आणि एका सकाळी निम्मी टोळी शेजारच्या गावातल्या जास्त दराच्या बागेत निघून गेली.

मुकादमावर मी पुष्कळ चिडले. पण आदल्या हंगामात, आजारी मूल दवाखान्यात नेणाऱ्या बाईचा अर्धा दिवस मीच खाडा म्हणून कापला होता, आणि तो टोळीच्या लक्षात होता. निर्यातीच्या बागेत फवारणीचा एकेक दिवस नोंदवायची आम्हाला सवय आहे; २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात माल अडकला, तेव्हापासून ती नोंदवही कोणी सहज घेत नाही. मजुरांच्या वहीत मात्र आमच्याकडे फक्त उचल आणि खाडे होते.

खालच्या दोन एकरांतले घड गच्च झाले. निर्यातदाराच्या माणसाने मोजपट्टीच्या छिद्रातून मणी घालून पाहिले. वरच्या बागेतले अठरा मिलिमीटरला अडकले, खालचे सोळालाही सहज निघून गेले. वरचा माल गेला. खालचा स्थानिक व्यापाऱ्याला द्यायचे ठरले, त्याने भावासाठी थांबवले, टोळी होळीला घरी गेली ती २५ मार्चच्या टाळेबंदीमुळे परतलीच नाही. घरच्या माणसांनी जमेल तेवढा माल तोडला, उरलेल्याचा बेदाणा करायला टाकला.

आता मी छाटणी दोन टप्प्यांत, बारा दिवसांच्या अंतराने करते. पहिल्या टप्प्याला पावसाचा धोका राहतो आणि घरात दर वर्षी यावरून वाद होतो, पण टोळीला सलग काम मिळते आणि ती फुटत नाही. हिशेब दर शनिवारी पडवीत, सर्वांसमोर मोठ्याने वाचला जातो, आणि पैसे मुकादमाच्या हाती एकरकमी न देता प्रत्येकीला दिले जातात. मुकादमाला हे सुरुवातीला अजिबात रुचले नाही. त्याची रक्कम वेगळी ठरवल्यावर त्याची कुरकुर कमी झाली. रोजंदारीच्या कामात बायांना कमी आणि पुरुषांना जास्त हा दर मी मोडला, तेव्हा शेजाऱ्यांनी ‘तुम्ही बाजार बिघडवता’ असे ऐकवले. समान मजुरीचा कायदा १९७६ सालीच झाला होता, त्यामुळे बाजार बिघडायला तसा बराच उशीर झाला म्हणायचा. खर्च वाढला, हे खरे आहे. एकरी मजुरी हा आमच्या वहीतला औषधांच्या बरोबरीचा आकडा झाला आहे. होळीची पाच दिवसांची सुट्टी मी आता तोडणीच्या वेळापत्रकातच धरते आणि जाण्या-येण्याची गाडी आमची असते.

परवा मुकादमाचा फोन आला होता. ‘ताई, आमचं भात अजून उभं आहे, आठ दिवस थांबा.’ पहिल्या टप्प्याच्या छाटणीची तारीख मी कॅलेंडरवर खोडून आठ दिवस पुढे लिहिली आहे. घरात ते अजून कोणाला सांगितलेले नाही.