चांदणीची साखर 34 आणि माझा वाया गेलेला गूळ

गोरेगावच्या आमच्या तबेल्यात सगळ्या म्हशी, एकटी चांदणी तेवढी गाय. होल्स्टीन संकर, तिसरं वेत, दिवसाला 18 लिटर. व्यायल्याला तीन आठवडे होत आले आणि तिने आंबोण सोडलं. कडबा चघळायची, पण सरकी पेंड-भरड्याचं घमेलं पुढे केलं की मान फिरवायची. चार दिवसांत दूध 11 लिटरवर आलं.

मला वाटलं, अशक्तपणा असेल. दोन दिवस अर्धा-अर्धा किलो गूळ पाण्यात कालवून पाजला. फरक शून्य. तिसऱ्या दिवशी धार काढताना तिने मान वळवून फुसकारा टाकला आणि वास आला तो थेट नेलपॉलिश पुसायच्या पाण्याचा!

माझी भाची परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिला फोन लावला. ‘मामा, आधी तो गूळ बंद कर आणि डॉक्टरांना बोलव. कितनबाधा दिसतेय, किटोसिस.’

डॉक्टरांनी काचपट्टीवर पांढरी पूड घेतली, वर दुधाचे थेंब टाकले. बघता बघता पूड जांभळी झाली. मग रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. कीटोन 3.4, साखर 34. मी स्वतः मधुमेही, उपाशीपोटी दीडशे आली तरी घरात बोलणी खाणारा. हिची 34! निरोगी गाईचीही आपल्यापेक्षा कमीच असते म्हणे, साधारण 45 ते 75.

पण गूळ गेला कुठे? रात्री भाचीने समजावलं. गाईने खाल्लेला गोडवा कोटीपोटातले, म्हणजे तिच्या पहिल्या मोठ्या पोटातले, जंतूच आधी फस्त करतात आणि आंबवून त्याची आम्लं करतात. साखर म्हणून रक्तात जवळजवळ काहीच पोचत नाही. त्यातल्या प्रोपिऑनिक आम्लापासून यकृताला साखर घडवावी लागते, आणि ती घडली की कास ओढून घेते, कारण दुधातली साखर तिच्यापासूनच होते. लिटरभर दुधाला साधारण 72 ग्रॅम ग्लुकोज. मी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. 18 लिटरला जवळपास 1300 ग्रॅम, रोज. व्याल्यावर खाणं तेवढं वाढत नाही, मग अंगावरची चरबी वितळून यकृतात येते. तिथे ती पुरती जळत नाही, तिचे कीटोन होतात. तो वास त्यांचाच.

डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून 50 टक्के डेक्स्ट्रोजची अर्ध्या लिटरची बाटली सावकाश चढवली होती. म्हणजे 250 ग्रॅम, साडेतीन लिटर दुधापुरती. तिचा जोर काही तासच टिकतो, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. पुढचं काम प्रोपिलीन ग्लायकॉलचं. रोज सकाळी 300 मिली, पाच दिवस. घट्ट, गोडसर द्रव, पण गुळासारखा वाया न जाता यापासून यकृताला साखर घडवता येते. पाजताना जीभ ओढायची नाही, तोंड फार वर उचलायचं नाही, नाहीतर श्वासनळीत जातं. पहिल्या दिवशी मी इतका जपून पाजत होतो की निम्मं माझ्या बनियनवर आलं.

हे आलं कुठून, तेही डॉक्टरांनी पाठीवरून हात फिरवत विचारलं. भाकड असताना चांदणी चांगलीच सुटली होती. शेजारच्या सोसायटीतून रोज पोळ्या, पाव, उरलेला भात यायचा. गोग्रासाला नाही कसं म्हणायचं, म्हणून मी गप्प. अशी अंगावर चढलेली गाय व्याल्यावर खायला कुचराई करते आणि तिची चरबी भराभर सुटते. चूक माझीच, पोळ्या आणणाऱ्यांची नाही.

सहाव्या दिवशी कीटोन 0.9 आले. 1.2 च्या खाली म्हणजे ठीक. दूध 14 लिटर. त्या संध्याकाळी तिने आंबोण संपवलं, आणि तळाला चिकटलेली पेंड चाटता चाटता घमेलं पार भिंतीपर्यंत ढकलत नेलं.