चौकट धावते, फोकस मागे राहतो

भिगवण, रविवार रात्र

लाईव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर पाहून फोटो काढताना, कुरव पक्ष्याभोवतीची ट्रॅकिंगची चौकट त्याला क्षणभरही सोडत नाही, तरी फोटोत पक्षी धूसर येतो. आज उजनीच्या पाण्यावर दिवसभर हेच डोक्यात घोळत होतं. खोलीवर येऊन सगळे फोटो मोठे करून पाहिले, तेव्हा कुठे उलगडा झाला.

चौकटीचं काम वेगळं, फोकसचं वेगळं. चौकट चित्रातला रंग आणि उजेड ओळखून त्याच्या मागे जाते, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली. पक्षी किती लांब आहे ते तिला कळत नाही. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, ते कळतं तळाशी बसवलेल्या स्वतंत्र फोकस सेन्सरला. मुख्य आरशामागचा छोटा आरसा त्याच्याकडे प्रकाश पाठवतो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांमधला फरक पाहून फोकस कोणत्या दिशेला आणि किती सरकवायचा, हे तो एका मोजणीत सांगतो. यालाच फेज डिटेक्शन म्हणतात. लाईव्ह व्ह्यू सुरू केला की आरसे वर जातात आणि हा सेन्सर आंधळा होतो. मग उरतो कॉन्ट्रास्टवरचा फोकस: लेन्स मागेपुढे करत चित्रातल्या उजेड-अंधाराचा फरक कुठे सर्वांत जास्त होतो, ते शोधायचं. जुन्या रेडिओवर स्टेशन लावताना काटा थोडा पुढे जाऊ देऊन परत मागे आणायचो ना, तसंच हे. शिखर ओलांडल्याशिवाय शिखर कळत नाही. त्यात पांढुरक्या आभाळावर पांढरा कुरव, म्हणजे धरायला कॉन्ट्रास्टच कमी.

शिवाय माझ्या कॅमेऱ्यात लाईव्ह व्ह्यूचा सततचा फोकस शटर अर्धं दाबेपर्यंतच चालतो. अर्धं दाबलं की तो कुलूपबंद. नेमक्या ज्या क्षणी त्याची गरज, त्याच क्षणी.

नावाडीमामांनी सकाळी हाक दिली, "दादा, समोरनं येतोय बघा, सरळ नावेवर!" कुरव खरंच सरळ येत होता. लेन्स ३०० मिमी, तिचं छिद्र एफ ५.६, पक्षी दहा मीटरवर. आता हिशेब मांडला तर एवढ्या अंतरावर माझ्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर पुढून मागेपर्यंत स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम २५ सेंटीमीटरचा. पक्षी सेकंदाला दहा मीटर वेगाने येत असेल, तर तो हा पट्टा १/४० सेकंदात पार करतो. फोकस कुलूपबंद झाल्यापासून शटर उघडेपर्यंत १/१० सेकंद गेला, तरी पक्षी मीटरभर पुढे आलेला. फोटोत चोच, डोळा, पंख, सगळंच विरघळलेलं. मागच्या लाटा मात्र कातीव.

त्याच लाईव्ह व्ह्यूमध्ये रोहित पक्ष्यांचे फोटो सुंदर आलेत, इतके की एका पिल्लाच्या करड्या पिसांच्या कडाही मोजता येतील. ते साठेक मीटरवर उथळ पाण्यात आडवे चालत होते. तिथे हाच पट्टा नऊ मीटरच्या घरात जातो. पक्षी चार पावलं इकडेतिकडे झाला तरी फोकस कुलूपबंद असल्याचं काही बिघडत नाही. स्क्रीन उघडून कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर धरता येतो, आणि ती नजर मला व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीतून, कधीच मिळत नाही. म्हणून लाईव्ह व्ह्यू मी सोडणार नाही.

याला तांत्रिक उत्तर मिळालेलं आहे. २०१३ मध्ये कॅनन ७०डी आला, त्यात सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागून फेज डिटेक्शनच मुख्य सेन्सरवर आणलं होतं. निकॉनने २०२० च्या डी७८० मध्ये सेन्सरवर तशी सोय दिली. मिररलेसमध्ये तर आरसाच नाही, स्क्रीन आणि व्ह्यूफाइंडर दोन्हींना एकच फोकस. नवा कॅमेरा घेणाऱ्याला मी एवढंच विचारायला सांगेन: लाईव्ह व्ह्यूमध्ये फोटो काढताना, शटर दाबलेलं असताना, सलग फोटोंमध्ये फोकस चालू राहतो का? "ट्रॅकिंग आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नये.

उद्या कुंभारगावच्या बाजूने निघायचंय. अंगावर येणाऱ्या पक्ष्यांसाठी व्ह्यूफाइंडर, सतत फोकस आणि मधला एकच फोकस पॉइंट. नदी सुरय एकाच जागी पुन्हापुन्हा सूर मारताना दिसला, तर लाईव्ह व्ह्यूमध्ये त्या पाण्यावर हाताने फोकस लावून ठेवायचा आणि तो तिथे उतरायची वाट पाहायची. बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात. मामा साडेपाचला धक्क्यावर येणार आहेत.