ख्रिस्टा लुडविग आणि त्यांनी न गायलेली इझोल्ड

जर्मन ऑपेरा-गायिका (ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाट्य) ख्रिस्टा लुडविग यांच्याविषयी लिहायला बसले की भूमिकांची यादी आपोआप लांबत जाते. मोत्सार्टचा केरुबिनो, बेथोवनची लिओनोरे, वाग्नरची ऑर्ट्रूड, व्हर्दीची लेडी मॅकबेथ, बिझेची कार्मेन अशी ती संपता संपत नाही. तरीही मला त्यांचे मोठेपण सर्वाधिक जाणवते ते त्यांनी नाकारलेल्या एका भूमिकेत. वाग्नरच्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्ड’मधील नायिका त्यांनी रंगमंचावर गावी, असा आग्रह कार्ल ब्योम आणि हेर्बर्ट फॉन कारायान यांच्यासारख्या दिग्गज संगीत-संचालकांनी धरला होता. असे बोलावणे कोणत्याही गायिकेला मोहात पाडणारे असते. लुडविग यांनी ते स्वीकारले नाही.

त्या नकाराचे मोल कळण्यासाठी मेझो-सोप्रानो या लुडविग यांच्या आवाजाची अडचण समजून घ्यावी लागते. ऑपेरात स्त्रियांच्या उंच आवाजाला सोप्रानो म्हणतात, सर्वांत खालच्या आवाजाला काँट्राल्टो, आणि मेझो या दोहोंच्या मधला. नायिका बहुधा सोप्रानोच्या वाट्याला जाते. मेझोकडे आई, दासी, चेटकीण, प्रतिस्पर्धी स्त्री किंवा पुरुषवेषात रंगवायचा कोवळा मुलगा उरतो. लुडविग यांचा खालचा आवाज भरदार होताच, पण वरचे स्वरही त्यांना सहज लागत, आणि म्हणूनच नायिकेच्या भूमिकेचा मोह त्यांच्यासमोर सतत उभा राहिला. मात्र एखादा तार स्वर लखलखीत लागणे निराळे आणि मोठ्या वाद्यवृंदावर मात करत तासन्तास त्याच उंचीवर वावरणे निराळे. इझोल्ड पहिला अंक जवळजवळ संपूर्ण पेलते, दुसऱ्या अंकातले प्रदीर्घ युगुलगीत गाते आणि एवढे झाल्यावर अखेरीस तिला तो प्रसिद्ध मृत्युप्रसंग गायचा असतो. त्या ऑपेरात लुडविग यांनी दासी ब्रांगेने गायली. १९६६ साली बायरॉइट या वाग्नर-महोत्सवाच्या गावी ब्योम यांच्या संचालनाखाली झालेले ध्वनिमुद्रण ऐकावे. दुसऱ्या अंकात बिर्गिट निल्सन आणि वोल्फगांग विंडगासेन यांचे प्रेमिक स्वतःला विसरलेले असताना बुरुजावरून ब्रांगेनेचा इशारा येतो. ती ओळ घाईची नाही. लांबवलेल्या एकेका स्वरातून ती वाद्यवृंदावर अलगद पसरते, आणि काही क्षण तरी नायिकेचा विसर पडतो.

लुडविग यांचा जन्म १६ मार्च १९२८ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील आंटोन लुडविग टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचे, गायक होते, आई ओयगेनी बेसाला गायिका होती, आणि ख्रिस्टा यांचा गळा घडवला तो मुख्यतः आईने. युद्ध संपल्यानंतर फ्रँकफर्ट येथे ‘डी फ्लेडरमाउस’मधील राजपुत्र ऑर्लोफ्स्की गाऊन त्यांनी पदार्पण केले, तेव्हा त्यांनी विशीही गाठलेली नव्हती. पुढची वर्षे फ्रँकफर्ट, डार्मश्टाट आणि हानोफर येथे शिकण्यात व गाण्यात गेली. १९५५ मध्ये ब्योम यांनी त्यांना व्हिएन्ना स्टेट ऑपेरात आणले. तेथे त्यांनी चाळीसहून अधिक भूमिका केल्या. आजच्या गायकांना, एका शहरातून दुसऱ्या शहरात धावताना, एकाच संस्थेत असे मुरण्याची संधी क्वचितच मिळते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

लुडविग यांनी सोप्रानोच्या प्रदेशात पाऊलच टाकले नाही, असे मात्र नव्हे. १९६२ साली ओटो क्लेम्पेरर यांच्यासोबत त्यांनी ध्वनिमुद्रित केलेली ‘फिडेलिओ’मधील लिओनोरे ही माझ्या मते त्या भूमिकेच्या सर्वोत्तम मुद्रणांपैकी एक आहे. पतीला तुरुंगातून सोडवण्यासाठी पुरुषवेष घेतलेली ही स्त्री तीन हॉर्नच्या साथीने आशेला आळवते, तेव्हा त्यांच्या खालच्या स्वरांतली ऊब वरच्या स्वरांतही टिकून राहते. एरवी त्या जागी अनेक आवाज पातळ होतात.

रिशार्ड श्ट्राउसच्या ‘देर रोझेनकावालिअर’ची त्यांची दोन मुद्रणे तर एकापाठोपाठ एक ऐकावीत. १९५६ च्या कारायान यांच्या मुद्रणात त्या सतरा वर्षांचा ऑक्टेव्हियन आहेत आणि वयाने मोठी असलेली प्रेयसी मार्शालिन एलिझाबेथ श्वार्त्झकोफ यांची आहे. १९७१ च्या लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या मुद्रणात लुडविग स्वतः मार्शालिन झाल्या. अखेरच्या त्रिगीतात तीन स्त्रीस्वर एकमेकांवर चढत जातात. पहिल्या मुद्रणात लुडविग यांचा आवाज त्या विणीच्या मधोमध अस्वस्थपणे फिरतो, तर दुसऱ्यात तोच आवाज सर्वांआधी पुढे येऊन प्रियकराला दुसरीच्या स्वाधीन करतो. याच मुद्रणात बॅरन ऑक्स गाणारे वाल्टर बेरी हे त्यांचे पूर्वाश्रमीचे पती. आदल्याच वर्षी दोघांचा घटस्फोट झाला होता.

सत्तरच्या दशकात त्यांच्या आवाजावर संकट आले. स्वरतंतूंवरील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटू लागल्या, कार्यक्रम रद्द करावे लागले. रजोनिवृत्तीचा गळ्यावर होणारा परिणाम हा त्या काळी गायिकांनी झाकून ठेवण्याचा विषय होता. लुडविग त्याबद्दल उघडपणे बोलल्या, याबद्दल मला त्यांचा विशेष आदर वाटतो. त्यांनी अवजड भूमिका हळूहळू बाजूला ठेवल्या आणि गीतगायनाला अधिक वेळ दिला.

गीतांची समज त्यांना आधीपासूनच होती. क्लेम्पेरर यांच्यासोबतच्या ‘दास लीड फॉन डेर एर्डे’ या मालरच्या रचनेत सुमारे अर्ध्या तासाचे निरोपाचे गीत त्यांच्या वाट्याला आले आहे. त्याचा शेवट कोठेही ठाम विसावा घेत नाही. एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी आवाजातले वजन थोडे कमी होते, पण स्वराची जागा ढळत नाही. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी १९७५ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह केलेल्या मालरच्या दुसऱ्या सिंफनीच्या मुद्रणातही लुडविग आहेत. तिच्या चौथ्या भागात त्या कोणत्याही आविर्भावाशिवाय, जवळजवळ प्रार्थनेसारख्या गातात. पुढे १९८६ मध्ये त्यांनी जेम्स लेव्हाइन यांच्या पियानोसाथीने शूबर्टचे ‘विंटरराइझे’ ध्वनिमुद्रित केले. हे गीतचक्र एका पुरुषाच्या भटकंतीचे मानले जाते आणि स्त्रियांनी ते क्वचितच गायलेले आहे.

उतारवयातही त्यांनी स्वतःला नव्याने वापरून पाहिले. १९८९ च्या डिसेंबरमध्ये लंडन येथे बर्नस्टाइन यांनी आपले ‘कँडीड’ सादर केले, तेव्हा त्यातील म्हातारीचे विनोदी टँगो-गीत एकसष्ट वर्षांच्या लुडविग यांनी ज्या मिश्कीलपणे गायले, तो पाहताना श्रोते खुलून आलेले चित्रफितीत दिसतात. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा निरोप त्यांनी वाग्नरची देवी फ्रिका गाऊन घेतला. व्हिएन्नात डिसेंबर १९९४ मध्ये ‘एलेक्ट्रा’मधील राणी क्लिटेमनेस्ट्रा ही त्यांची शेवटची भूमिका ठरली. दुःस्वप्नांनी पोखरलेली ही राणी अनेकदा ओरडून साकारली जाते; लुडविग ती अखेरपर्यंत गात राहिल्या.