कॉलर सगळ्यात शेवटी वाळते

मंगळवार, रात्री साडेदहा

पावसाची पाचव्या दिवशीही उघडीप नाही. क्लासवरून येताना रंकाळ्याच्या कट्ट्यावर चिटपाखरू नव्हतं. घरात शिरले आणि हातपाय धुण्याआधी बॅग उघडून गी, म्हणजे ज्युदोचा जाड सुती पोशाख, बाहेर काढली.

ही सवय लागली ती एक गी गमावल्यावर. ज्युदो सुरू केल्याचं पहिलंच वर्ष, असाच पाऊस. क्लास तीन दिवस बंद राहिला आणि घामाने चिंब गी तशीच बॅगेत पडून राहिली. चौथ्या दिवशी चेन उघडली तर कुबट भपकारा आला. कॉलरवर, काखेत मोहरीएवढे काळे ठिपके. बुरशी धरली होती. घाबरून मी ती ब्लीचमध्ये रात्रभर भिजवली. ठिपके फिके झाले, पण कापड पिवळट पडलं, आणि महिन्याभरात जोडीदारणीने पकड घेतली तेव्हा खांद्यापाशी टरकन फाटलं. ब्लीच सुती धागा खाऊन टाकतं. आईने भिशीच्या पैशातून घेऊन दिलेली होती ती. त्याचं वाईट आजही वाटतं.

स्पर्धेच्या गीचं कापड चौरस मीटरला 650 ते 750 ग्रॅम भरतं, म्हणजे जवळजवळ घोंगडीच. आता प्रत्येक सरावानंतर ती गार पाण्यातच धुते. गरम पाण्याने सूत आटतं, बाही मनगटाच्या वर सरकते आणि स्पर्धेच्या तपासणीत तीच गी बाद होते. रक्ताचा डागही गार पाण्यानेच निघतो, ऊन पाणी लागलं की पक्का बसतो. वास फारच धरला तर धुण्याआधी पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवते.

पिळायला मात्र दोघं लागतात. एक टोक माझ्याकडे, दुसरं आबांकडे. ब्याऐंशी वर्षांचा हात, पण तालमीत घडलेला. त्यांनी पीळ दिला की माझ्या मुठीतलं टोक निसटतं.

वाळवणं हे खरं अवघड काम. पाठ दोन-तीन तासांत कोरडी लागायला लागते, पण अनेक थरांची शिवलेली कॉलर आतून ओलीच राहते. गुडघ्याच्या दुहेरी पट्टीचंही तेच. म्हणून आजीची लुगडी वाळत घालायची काठी दोन्ही बाह्यांतून आरपार घालते, म्हणजे काखा उघड्या राहतात. कॉलर ताठ उभी करते आणि खाली पंखा लावते. ऊन असतं तेव्हा सकाळचं ऊन देते, आधी उलटी करून.

आबा लंगोटाबद्दल सांगतात. रोज विहिरीवर धुवायचा, दुसऱ्याचा कधी बांधायचा नाही. "वला लंगोट ठेवला की अंग खाजतंय बघ, पोरी." हौद्यातली, म्हणजे तालमीच्या आखाड्यातली माती पण रोज खणून वर-खाली करायचे ते. ताक, तेल, हळद, लिंबू घातलेली ती माती दबून राहिली की तिलाही वास धरतो, म्हणायचे. वारं लागू देणं ही गोष्ट त्यांना माझ्याआधी साठ वर्षं ठाऊक होती.

गेल्या पावसाळ्यात आमच्या क्लासमधल्या दोघींना गजकर्ण झालं, एकीला मानेवर, एकीला दंडावर. कुणाकडून कुणाला गेलं ते समजलं नाही. तेव्हापासून एक विचार पाठ सोडत नाही. गी मी अंगात घालते, पण तिची कॉलर धरते समोरची. जमिनीवर पकड चालू असताना तिचा गाल, कधी तोंडसुद्धा माझ्या जॅकेटवर दाबलेलं असतं. ती काही बोलणार नाही, मॅटवर असं कुणी बोलत नाही. वाकून नमस्कार करते आणि पकड घेते. त्या वेळी माझ्या कापडाला साबणाचा वास यावा, एवढं मला तिच्यासाठी करता येतं.

बेल्टही धुते मी. धुतल्याने मेहनत वाहून जाते असं काहीजणी मानतात. मला ते पटत नाही.

मघाशी उठून कॉलर चिमटीत दाबून पाहिली. गार लागते अजून. परवा पुन्हा क्लास आहे. परत येऊन लिहायला बसले तर आबा उठलेले, पंख्याचं बटण एकवरून तीनवर करत होते. म्हणाले, "झोप तू. पहाटं मी उलटी घालतो."